कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या नव्हे, हवेच्या तापमानावर चालवायचे आहेत: सेन्सर कुठे आणि कसा बसवावा?

गावभागकर (सांगली) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत गावभागात राहतो. शास्त्रीय गायनाच्या घरगुती बैठकांचे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण करणे व नंतर त्यांचे संपादन करणे हे माझे काम आहे. त्यासाठी दोन वर्षांपूर्वी संगणक जोडून घेतला. त्यात रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि पुढे तीन, मागे एक असे १२० मिलिमीटरचे चार-पिनी पंखे आहेत. हे चारही पंखे मदरबोर्डला जोडलेले असून बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधील) तापमान-वेगाच्या आलेखाप्रमाणे, म्हणजे केवळ प्रोसेसरच्या तापमानाप्रमाणे, फिरतात.

अडचण अशी आहे की एखादी फाइल उघडली किंवा काम जतन केले, तरी प्रोसेसरचे तापमान एका सेकंदात ४६ वरून ७१ अंशांवर जाते. लगेच पंखे मिनिटाला ७०० फेऱ्यांवरून १२०० वर चढतात आणि थोड्या वेळाने पुन्हा उतरतात. हे दिवसभर चालते. बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात ते कदाचित खपून गेले असते, पण मागच्या महिन्यात मिरजेहून आणलेला एक तंबोरा काळी एक या पट्टीत लावून नुसता त्याचाच नाद मुद्रित करत होतो, तेव्हा हेडफोनमध्ये षड्जाच्या मागे एक हलती गुणगुण ऐकू आली. सेकंदाला साधारण दीड हेलकावा पडत होता. प्रथम मला जोडीच्या तारा नीट जुळल्या नाहीत असे वाटले आणि मी अर्धा तास मणी सरकवत बसलो. शेवटी संगणक बंद केला, तेव्हा गुणगुण थांबली. मग हिशेब मांडला. पंख्याला सात पाती आहेत. मिनिटाला १२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २०, आणि सात पात्यांमुळे हवेला सेकंदाला १४० धक्के बसतात. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झचा असतो. हे दोन नाद एकत्र आले की ठोके, म्हणजे आवाजाचे हेलकावे, पडणारच.

आवाज एकसारखा असेल तर तो नंतर सॉफ्टवेअरने कमी करता येतो. चढता-उतरता आवाज काढायला गेलो, तर त्याच्याबरोबर तंबोऱ्याची जवारीही (तारांचा झंकारही) पुसली जाते, आणि ते मला अजिबात चालणार नाही.

म्हणून मी पंखे ७०० फेऱ्यांवर कायम करून पाहिले. हिवाळ्यात ते निभावले. मे महिन्यात मात्र दुपारी खोलीतच ३९ अंश असताना चित्रफितीचे रेंडरिंग (संपादित चित्रफितीची अंतिम फाइल तयार करणे) लावले आणि ग्राफिक्स कार्ड ८२ अंशांवर गेले. कार्डाचे स्वतःचे पंखे पूर्ण जोरात होते, कॅबिनेटच्या वरच्या पत्र्याला हात लावून ठेवणे नकोसे वाटत होते, आणि प्रोसेसर मात्र ६२ अंशच दाखवत होता. याचा अर्थ प्रोसेसरच्या आकड्यावर पंखे सोडले असते तरी त्यांना आतल्या उष्णतेचा पत्ता लागला नसता.

जोडणी करून देणाऱ्या दुकानात विचारले असता, तापमान म्हणजे प्रोसेसरचेच, दुसरे काही मोजायचे नसते, असे उत्तर मिळाले. ते मला पटले नाही. कॅबिनेटच्या पंख्यांचे काम हवा हलवण्याचे आहे, तर त्यांना हवेचेच तापमान का देऊ नये? असे कोणी केले असल्यास सेन्सर कोणता घ्यावा, कुठे लावावा आणि आलेख कसा आखावा, हे कृपया सविस्तर सांगावे.

कुपवाड_उपकरण यांचे उत्तर:

आपले निदान बरोबर आहे. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत उपकरण-देखभालीचे काम करतो. तापमान मोजून त्यावर पंखा किंवा झडप चालवणे हा माझा रोजचा विषय असल्याने जरा विस्ताराने लिहितो.

उड्या मारणारे ते तापमान कशाचे आहे, हे आधी पाहू. आपल्या प्रोसेसरचे गाभे ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर आहेत, तो जेमतेम ८१ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या नखाहूनही लहान आहे. त्यावर एकदम ६० वॅटचा भार आला की तो क्षणात तापतो. पण त्याच्यावर बसलेल्या हीटसिंकचे, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे, वजन सहा-सातशे ग्रॅम असते आणि तेवढ्या ॲल्युमिनियम-तांब्याला १ अंश तापवायला सुमारे ५०० ज्यूल लागतात. एका सेकंदाच्या उसळीतून त्याला मिळतात ६० ज्यूल. सिलिकॉन २५ अंशांनी उसळलेले असताना हीटसिंक एका अंशाच्या आठव्या भागाइतकाच तापलेला असतो, आणि कॅबिनेटमधल्या हवेपर्यंत तर काहीच पोहोचलेले नसते. ज्या घटनेसाठी बायोस आपले चार पंखे पळवतो, त्या घटनेत कॅबिनेटच्या पंख्यांना करण्यासारखे काही नसतेच. हवेचे तापमान संथपणे बदलते असे म्हणतात, त्याचे खरे कारणही हा हीटसिंकच आहे. हवा स्वतः काही सेकंदांतच बदलली जाते.

आता हवेचा हिशेब. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. येथील उन्हाळ्यातील १ घनमीटर हवेचे वजन १.१ किलोच्या आसपास भरते आणि तिला १ अंश तापायला सुमारे १.१ किलोज्यूल लागतात. रेंडरिंगच्या वेळी आपला प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॅट, ग्राफिक्स कार्ड १७० वॅट आणि बाकीचे सामान ४० वॅट धरले, तर एकूण सुमारे २८५ वॅट उष्णता हवेतूनच बाहेर जायची आहे. कॅबिनेटमधून सेकंदाला २५ लिटर हवा वाहत असेल, तर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा सुमारे १० अंशांनी गरम असेल. प्रवाह निम्म्यावर आणला, तर हाच फरक २० अंशांच्या वर जाईल. यात खोलीच्या तापमानाचा कुठेही उल्लेख नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे. पंख्याच्या हातात फक्त फरक असतो. खोलीच्या तापमानाखाली तो कशालाच नेऊ शकत नाही.

हवेचा सेन्सर लावणारे बहुतेक जण येथेच चुकतात. मागच्या पंख्याजवळ एक सेन्सर लावतात, जानेवारीत ३० अंशांना मंद आणि ४२ अंशांना जोरात असा आलेख आखतात, आणि एप्रिल उजाडला की संगणकावर काही काम नसतानाही पंखे दुपारभर बोंबलत बसतात. खोलीत ३९ अंश आणि बाहेर पडणारी हवा ४३ अंश असेल, तर फरक फक्त ४ अंशांचा असतो. पंख्यांचा वेग दुप्पट केला तर तो २ अंशांवर येईल. त्या २ अंशांसाठी आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो आणि पंख्यांना लागणारी वीज आठपट होते. आपल्यासारख्या ध्वनिमुद्रण करणाऱ्याने हा सौदा करू नये.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की सेन्सर दोन लावावेत. एक पुढच्या जाळीमागे, पंख्याच्या अलीकडे, येणाऱ्या हवेत. दुसरा मागच्या पंख्याच्या आतल्या बाजूला, त्याच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे, जाणाऱ्या हवेत. पंखे या दोहोंच्या वजाबाकीवर चालवावेत. मात्र नुसत्या वजाबाकीवरही विसंबू नये, कारण एसएसडीला (माहिती साठवणाऱ्या भागाला) आणि मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याच्या भागाला वजाबाकीशी काही देणेघेणे नसते. त्यांना प्रत्यक्ष तापमान सोसावे लागते. यासाठी जाणाऱ्या हवेच्या निव्वळ तापमानावर दुसरा आलेख ठेवावा, तो ४८ अंशांपर्यंत झोपलेला आणि ५२ अंशांना पूर्ण वेगाचा असावा, आणि दोन्ही आलेखांपैकी जो जास्त वेग मागेल त्याचे ऐकावे. विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात हे सर्व करता येते. मिक्स प्रकारच्या आलेखात कमाल हा पर्याय निवडावा.

प्रोसेसरच्या हीटसिंकवरचा पंखा मात्र प्रोसेसरच्याच तापमानावर राहू द्यावा. सिलिकॉन आणि हीटसिंक हा त्याचा प्रांत आहे. उसळ्यांचा त्रास टाळायला त्याला थोडा उशिरा प्रतिसाद देणे सांगितले की पुरते.

सेन्सरबद्दल. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत तापमान-सेन्सरचा दोन पिनांचा हेडर दिला आहे का, ते आधी पाहावे. काही बोर्डांवर तो असतो. त्याला २५ अंशांना १० किलोओहम रोध असणारा एनटीसी थर्मिस्टर (तापमान वाढले की ज्याचा रोध कमी होतो असा सेन्सर) लागतो. सुटा थर्मिस्टर किरकोळ किमतीत मिळतो आणि त्याला उलट-सुलट बाजू नसते. हेडर एकच असेल किंवा मुळीच नसेल, तर आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि डीएस१८बी२० जातीचे दोन डिजिटल सेन्सर वापरावेत. ते दोन्ही एकाच तारेवर बसतात, फक्त त्या तारेला ४.७ किलोओहमचा रोध वर जोडावा लागतो. सांगलीत न मिळाल्यास पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात नक्की मिळतील. आर्डुइनोने वाचलेला आकडा एका छोट्या फाइलमध्ये लिहिला, तर फॅन कंट्रोल ती फाइलही सेन्सर म्हणून वाचतो.

एक गोष्ट आवर्जून करावी. या सेन्सरांत अर्ध्या अंशाची चूक दोन्हीकडे असू शकते, म्हणजे वजाबाकीत एका अंशापर्यंत घोळ होऊ शकतो. बसवण्यापूर्वी दोघांना रबरबँडने एकत्र बांधून तासभर खोलीत ठेवावे आणि त्यांच्यात किती अंतर दिसते ते टिपून प्रोग्राममध्ये तेवढी दुरुस्ती भरावी. शंका असेल तर फुलपात्रात चुरलेला बर्फ आणि थोडे पाणी घेऊन जलरोधक सेन्सर त्यात बुडवावा. नीट ढवळलेल्या बर्फ-पाण्यात शून्याच्या जवळचा आकडा आला पाहिजे.

हळद_मार्केटयार्ड (सांगली) यांचे उत्तर:

वरील सर्व योग्य आहे, परंतु आधी बिनखर्चाचा उपाय करून पाहावा असे मला वाटते. बहुतेक बायोसमध्ये पंख्याचा वेग वाढवण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय असते, आणि फॅन कंट्रोलमध्ये तापमानाची ठरावीक काळाची सरासरी काढणारा सेन्सर तयार करता येतो. ३० सेकंदांची सरासरी लावली की क्षणिक उसळ्यांवर पंखे पळणार नाहीत. त्याने ग्राफिक्स कार्डाची उष्णता कळणार नाही आणि ऋतूही कळणार नाही, हे मान्य आहे. पण तंबोऱ्याची तक्रार त्याच दिवशी पुष्कळ कमी होईल.

दोन सेन्सरांची जोडी मी स्वतः वेगळ्या कारणासाठी बाळगतो. आमच्या गाळ्यात हळदीची पूड हवेत कायम तरंगत असते आणि सौद्यांच्या हंगामात पुढच्या जाळीवर महिन्याभरात पिवळा थर बसतो. बाहेरून तो दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आता मी दर सोमवारी पंखे ९०० फेऱ्यांवर ठेवून, तेच ठरलेले काम दहा मिनिटे चालवून आत-बाहेरचा फरक वहीत लिहितो. स्वच्छ जाळीला तो ८ अंश असतो. ११ दिसला की जाळी काढून धुतो आणि पूर्ण वाळवून परत लावतो. पंखे फिरत असतात, त्यांचा वेगही बरोबर दिसतो, पण हवा येत नसते. वेग मोजणाऱ्या तारेला ते कधीच कळत नाही, आणि हवेच्या तापमानाला मात्र लगेच कळते. गावभागकरांकडे हळद नसली तरी गळीत हंगामात उसाच्या पाचटाची काळी राख उडत येते, तेव्हा ही सवय त्यांनाही उपयोगी पडेल.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा) यांचे उत्तर:

मी हा प्रयोग साताऱ्यात गेली तीन वर्षे लिनक्सवर करत आहे आणि त्यात ज्या चुका झाल्या, त्या येथे मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तेवढा वेळ वाचेल.

माझा पहिला सेन्सर मी चिकटपट्टीने कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवला होता. तो हवेचे नव्हे, पत्र्याचे तापमान सांगत होता. दुपारी खिडकीतले ऊन कॅबिनेटच्या त्या बाजूवर पडे आणि संगणक रिकामा असतानाही पंखे चढत. सेन्सर हवेत लोंबता हवा. मी आता तारेला एक ताठ प्लास्टिकची नळी चढवून तिच्या टोकाला सेन्सर ठेवतो, त्यामुळे तो हलत नाही, कशाला टेकत नाही आणि पात्यांतही जात नाही.

दुसरी चूक अधिक फसवी होती. सेन्सर ग्राफिक्स कार्डाच्या पाठीच्या पत्र्यासमोर तीन-चार सेंटिमीटरवर लोंबत होता. हवेत असूनही तो बाजूला नेल्यावर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा ६ अंश जास्त दाखवत होता, कारण तापलेल्या पत्र्याची प्रारित उष्णता त्याच्यावर सरळ पडत होती. त्या बाजूने पुठ्ठ्याचा एक छोटा आडोसा लावला आणि आकडा खाली आला. वेधशाळेत तापमापी पांढऱ्या झडपांच्या पेटीत का ठेवतात, ते मला त्या दिवशी नीट समजले.

कुपवाडच्या मित्रांशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे. मागच्या पंख्याजवळून जी हवा जाते ती मुख्यतः प्रोसेसरच्या हीटसिंकमधून आलेली असते. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा बाजूच्या काचेला धडकून वर चढते आणि त्यातली बरीचशी वरच्या जाळीतून निघून जाते. गावभागकरांच्या वर्णनात वरचा पत्रा तापला आणि प्रोसेसर ६२ वरच राहिला, ते याच कारणाने झाले असावे. माझ्या मते जाणाऱ्या हवेचा सेन्सर मागे न लावता ग्राफिक्स कार्डाच्या वर, प्रोसेसरचा हीटसिंक ज्या बाजूने हवा ओढतो त्या बाजूला लावावा. तेथली हवा तापली, याचा अर्थ कार्डाने टाकलेली हवाच पुन्हा आत ओढली जात आहे, आणि ते चक्र मोडणे हेच पुढच्या पंख्यांचे काम आहे.

आर्डुइनो वापरणार असाल तर दोन आकडे लक्षात ठेवावेत. डीएस१८बी२० ची तार सुटली की नेहमीची लायब्ररी उणे १२७ अंश देते, आणि वीज येऊन पहिले मोजमाप होण्याआधीच वाचन झाले की ८५ अंश दिसतात. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवला तर ऐन उन्हाळ्यात पंखे मंदावतील. यांपैकी कोणताही आकडा आला, किंवा दहा सेकंद नवे वाचन आलेच नाही, तर पंखे पूर्ण वेगाने चालवावेत, असे प्रोग्रामच्या सुरुवातीलाच लिहावे.

पंखे थेट आर्डुइनोवरून चालवायचे असल्यास नेहमीची ४९० हर्ट्झची लहर देऊ नये. पंख्यांना २५ किलोहर्ट्झ अपेक्षित असते आणि त्याहून कमी वारंवारतेला काही पंख्यांची मोटर किणकिणते, जे ध्वनिमुद्रणात फार वाईट दिसेल. आर्डुइनोच्या युनो किंवा नॅनो बोर्डावर टायमर-१ फेज-करेक्ट पद्धतीने ३२० पर्यंत मोजू दिला, की १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळातून बरोबर २५ किलोहर्ट्झ मिळतात. चार-पिनी पंख्याच्या नियंत्रणाची तार सुटली तर पंखा आपोआप पूर्ण वेगाने फिरतो, ही त्या रचनेतली चांगली सोय आहे.

लिनक्सच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की फॅनकंट्रोल या (विंडोजच्या प्रोग्रामहून वेगळ्या) स्क्रिप्टमध्ये एका पंख्याला एकच तापमान जोडता येते. त्यामुळे वजाबाकी आणि कमाल यांसाठी स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. तसेच पंखा सुरू व्हायला लागणारा किमान जोर आणि फिरता राहायला लागणारा किमान जोर हे दोन वेगळे आकडे आहेत. ते प्रत्येक पंख्यासाठी मोजून घ्यावेत.

कुपवाड_उपकरण:

साताऱ्याच्या मित्रांचा मुद्दा रास्त आहे. माझा हिशेब सगळी हवा मागूनच बाहेर पडते असे धरून होता, आणि वर जाळी असलेल्या कॅबिनेटमध्ये तसे होत नाही. गावभागकर, आपण सेन्सर दोन्ही ठिकाणी आळीपाळीने लावून रेंडरिंग सुरू करावे आणि पहिली दहा मिनिटे कोणता आकडा ग्राफिक्स कार्डाबरोबर चढतो ते पाहावे. वरची जाळी पुठ्ठ्याने झाकूनही एकदा पाहिले, तर हवा कुठून निसटते ते कळेल.

गावभागकर (तीन आठवड्यांनंतर):

सर्वांचे मनापासून आभार. कळवायला उशीर झाला, कारण सेन्सर मागवून त्यांची जुळणी करण्यात आठ दिवस गेले आणि मधे दोन बैठका होत्या.

माझ्या मदरबोर्डवर हेडर नव्हता, म्हणून आर्डुइनो नॅनो आणि दोन डीएस१८बी२० घेतले. दोघांना एकत्र बांधून ठेवले तेव्हा त्यांच्यात ०.४ अंशांचा फरक निघाला. तो प्रोग्राममध्ये भरला. फुलपात्रातील बर्फात एक ०.१ आणि दुसरा उणे ०.३ दाखवत होता.

जागेचा वाद माझ्यापुरता मिटला. खोलीत ३१ अंश असताना रेंडरिंग लावले, तेव्हा मागच्या पंख्याजवळचा सेन्सर दहा मिनिटांत ३८ वर जाऊन थांबला, तर ग्राफिक्स कार्डाच्या वरचा, आडोशामागे ठेवलेला, ४४ वर गेला. वरची जाळी पुठ्ठ्याने झाकली तेव्हा मागचाही ४२ झाला. म्हणजे कार्डाची हवा खरोखरच वरून निसटत होती. सेन्सर आता कार्डाच्या वरच ठेवला आहे. त्या जागेचा आकडा जात्याच चढा असल्याने निव्वळ तापमानाचा आलेख मी ४८ ऐवजी ५२ अंशांपासून सुरू केला आहे आणि ५७ ला पूर्ण वेग दिला आहे. यात काही गैर असल्यास सांगावे.

आलेख आखताना मात्र मी एक गोष्ट वेगळी केली. ती संगीताच्या कामात असलेल्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. काळी एकच्या तंबोऱ्यात खरज ६९.३, पंचम १०३.८ आणि जोडी १३८.६ हर्ट्झची असते. सात पात्यांच्या पंख्याने हे नाद अनुक्रमे ५९४, ८९० आणि ११८८ फेऱ्यांना उमटतात. सरळ चढणारा आलेख ठेवला, तर पंखा या तिन्ही जागांवरून हळूहळू सरकत जाणार आणि प्रत्येक ठिकाणी ठोके पाडणार. म्हणून मी तो पायऱ्यांचा केला. फरक ८ अंशांपर्यंत असेल तर ७४० फेऱ्या, म्हणजे ८६ हर्ट्झ, जे खरज आणि पंचम यांच्या मधोमध पडते. त्यापुढे सरळ १००० फेऱ्या, म्हणजे सुमारे ११७ हर्ट्झ, पंचम आणि जोडी यांच्या मधे. मधला ८९० चा टप्पा पंखे एका दमात ओलांडतात. १४ अंशांच्या वर पूर्ण वेग. पायरी चढल्यावर फरक २ अंशांनी उतरल्याशिवाय खाली यायचे नाही, असेही सांगून ठेवले आहे. मुद्रण चालू असताना फरक ५ अंशांच्या पुढे जातच नाही, त्यामुळे पंखे तासन्‌तास ७४० वर स्थिर असतात.

पहिल्या दिवशी तरीही एक मंद हेलकावा ऐकू येत होता. शोधल्यावर लक्षात आले की पुढचे तीन पंखे ७४० वर असताना मागचा ७६५ वर फिरत होता आणि त्या दोघांतच ठोके पडत होते, सेकंदाला तीन. मागच्याचा जोर थोडा कमी करून तो ७४० च्या जवळ आणला, तेव्हा ठोके इतके संथ झाले की कानाला जाणवत नाहीत.

काल संध्याकाळी तोच तंबोरा पुन्हा मुद्रित केला. संगणकापासून मायक्रोफोन दोन मीटरवर होता. मागे एकसारखी, अगदी पातळ घरघर आहे, पण ती सुरुवातीच्या दहा सेकंदांच्या नमुन्यावरून सहज काढता आली आणि जवारी जशीच्या तशी राहिली. वाद्य तयार करणाऱ्या कारागिरांना आज सकाळी मिरजेला जाऊन ते ऐकवून आलो.

अजिंक्यतारा_पायथा:

फारच छान. ५२ आणि ५७ चे आकडे त्या जागेसाठी ठीक आहेत, फक्त एकदा भर दुपारी एसएसडीचे तापमानही पाहून घ्यावे, कारण ती बहुधा त्याच कार्डाच्या पोटाखाली किंवा अगदी वर असते. ७० च्या आत राहिली तर चिंता नाही. आणखी एक विचारतो. संगणक सुरू झाला पण फॅन कंट्रोल काही कारणाने सुरूच झाला नाही, तर पंखे कोणत्या आलेखावर राहतात? माझ्याकडे एकदा अपडेटनंतर माझी स्क्रिप्ट सुरू झाली नव्हती आणि ते मला दोन दिवसांनी कळले.

गावभागकर:

हा विचार मी केला नव्हता. आता पाहिले, तर बायोसमध्ये अजूनही तोच जुना प्रोसेसरचा आलेख होता. तो काढून चारही पंखे १००० फेऱ्यांवर कायम करून ठेवले आहेत. प्रोग्राम सुरू असेल तर तो त्यांना ७४० वर उतरवतो, आणि नसेल तर आवाजावरूनच मला लगेच कळेल. एसएसडी प्रोसेसर आणि कार्ड यांच्या मधे आहे. काल दुपारी खोलीत ३४ अंश असताना ती ६१ पर्यंत गेली होती. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजून येथेच लिहीन.